वाळूच्या मुलखाला पडलेले दाणे

"ह्यांनी इंदापूरला येऊन विचारलंवतं का?"

चाचांच्या सगळ्या उद्योगाचं मूळ ह्या एका प्रश्नात होतं. त्यांनी तो मला विचारला तेव्हा मी बारामतीत त्यांच्या खोलीत भाड्यानं राहायला येऊन तासही झाला नव्हता. वळकटी अजून सोडली नव्हती. लुंगी नेसलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक उंच म्हातारा एक गुळगुळीत इंग्रजी पत्रक माझ्या तोंडासमोर धरून उभा राहिला.

"कॉलेजात आलायस ना? वाच मोठ्यानं."

माझं इंग्रजी तेव्हा अडखळत चालायचं. तरी वाचलं. लिहिलं होतं की, ह्या खेळातला बर्फाचा मुलूख हा जगभरातल्या खेळाडूंचा सगळ्यात आवडता मुलूख आहे.

"जगभरातल्या," चाचा म्हणाले. "ह्यांनी इंदापूरला येऊन विचारलंवतं का? बारामतीला? मग जगभरातल्या कसं म्हणत्यात?"

मी म्हणालो, "न्हाय विचारलं."

"मग आपण विचारू," असं म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर जोंधळ्याचा एक दाणा ठेवला.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आज एवढ्या वर्षांनी सांगतो, मी पुढं संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगतो. पण माणसांना त्यांची आवड कशी विचारायची, हे मी कॉलेजात शिकलो नाही. ते मी लुंगीवाल्या चाचांकडं शिकलो.

चाचा वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढायचे, हे त्यांचं जन्माचं काम. कधीतरी एक परदेशी इंजिनिअर मशीन बसवायला आला आणि सहा महिने गेस्ट हाऊसला राहिला. संध्याकाळी त्याला करमेना. त्यानं चाचांना आणि एका फिटरला धरलं आणि आपल्या देशातला एक खेळ शिकवला. जाताना त्या खेळाच्या तीन पेट्या चाचांना देऊन गेला. चाचांनी डिक्शनरी घेऊन ती सगळी पुस्तकं वाचून काढली. एका ओळीला एक संध्याकाळ, असं त्यांचं चालायचं. निवृत्त होऊन ते बारामतीला आले, तीन खोल्या बांधल्या. दोन आम्हा पोरांना दिल्या आणि तिसरी स्वतःला आणि पेट्यांना ठेवली. चाची आधीच गेल्या होत्या. मुलगी सोलापूरला दिलेली.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सांगणारा. बाकीच्यांनी सोंग घ्यायचं, कुणी तलवारवाला, कुणी मंत्रवाला. सांगणारा म्हणणार, "तुमी भुयाराच्या तोंडाशी उभं हाय. आतनं घोरल्यागत आवाज येतोय. काय करता?" आपण काय करतो ते बोलायचं. ते जमतं की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. मूळचा फासा हरवला होता. चाचांनी त्या फिटरकडून पितळेचा करून घेतला होता. तो जमिनीवर पडला की मंदिरातल्या घंटेला नख लागल्यागत वाजायचा. ह्या खेळात जिंकणं-हरणं नाही. जगणं आणि मरणं आहे, आणि मेलात तर पुढच्या रविवारी नवा माणूस होऊन यायचं.

पेट्या तीन म्हणून मुलूखही तीन. एक बर्फाचा, तिथं किल्ले आणि उडणारे अजगर. एक जंगलाचा, तिथं बोलणारी झाडं. एक वाळूचा, तिथं सूर्य विझत आलेला आणि पाणी जवळजवळ नाहीच. आपण कुठल्या मुलखात जायचं हे दर रविवारी दुपारी दाण्यांनी ठरायचं. जमिनीवर तीन वाट्या, वर एक फडकं. ज्यानं त्यानं फडक्याखाली हात घालून आपला दाणा टाकायचा.

दाणे टाकण्याआधी चाचा तिन्ही मुलखांचं वर्णन करायचे, आणि हे वर्णन बघण्यासारखं असायचं. हातातलं घड्याळ काढून समोर ठेवायचे. प्रत्येक मुलखाला तीन मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. आवाज तोच, चेहरा तोच. एकदा जंगलाबद्दल सांगताना त्यांना शिंक आली, तर बाकीच्या दोन्ही मुलखांच्या मध्येही ते शिंक येण्याएवढा वेळ थांबले. रविवारी अंगात कायम एकच पांढरा सदरा. पूर्वी निळाही घालायचे, पण निळ्या सदऱ्याच्या दिवशी बर्फाला दाणे जास्त पडतात असा त्यांना संशय आला. चैत्र-वैशाखातले दाणे ते वहीत वेगळ्या पानावर लिहायचे. म्हणायचे, "उन्हात माणूस बर्फच मागणार. ती आवड न्हवं, ती तहान."

दाणे दोनदा पडायचे, खेळाआधी एकदा आणि खेळून झाल्यावर एकदा. "जायच्या आधीची आवड येगळी, जाऊन आल्यावरची येगळी," चाचा म्हणायचे. "लगीन झाल्याल्याला इचारा, कळंल."

"चाचा, तुमचा दाणा कुठं?" आम्ही त्यांना छेडायचो.

"पंचानं दाणा टाकायचा नसतो."

"पण मनात तरी कुठला हाय?"

"पंचाला मन बी नसतं. फासा टाक."

खोलीतला माझा जोडीदार फलटणचा होता. तो म्हणायचा, ह्यांना बर्फच आवडत असणार, चेहरा कसा थंड ठेवतात बघ. मी लई बारकाईनं बघितलं. शेवटपर्यंत मला त्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही.

बारामतीच्या पोरांवर त्यांचं समाधान नव्हतं. पेट्या ट्रंकेत घालून ते एस.टी.नं कुठंही जायचे. लोणी देवकरला शिफ्ट सुटण्याच्या वेळेला चहाच्या टपरीवर बसले. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघालेल्या कामगारांनी जंगलाची वाटी भरून टाकली. वालचंदनगरच्या कॉलनीत जुन्या ऑफिसातली माणसं जमली. त्यांनी खेळायच्या आधी नियम लेखी मागितले आणि खेळायचं राहूनच गेलं. पळसदेवला मी त्यांच्यासोबत होतो. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली, आणि चाचा घड्याळ लावून तीन-तीन मिनिटं बोलताहेत. मासे धरणारी माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. फडकं काढलं तर एक दाणा सोडून बाकी सगळे वाळूत.

"का ओ?" मी न राहवून विचारलं.

"आरं, जलमभर पाणीच बघतोय," एक जण म्हणाला. "गाव पाण्यात, देव पाण्यात, पोट पाण्यात. एक दिस तरी कोरडं हिंडू दे."

चाचांनी त्यांना वाळूच्या मुलखात नेलं. फुटक्या विहिरीपासून मनोऱ्याच्या शहरापर्यंत सात दिवसांची वाट. तिसऱ्या दिवशी सगळे तहानेनं मेले. तोच माणूस उठून उभा राहिला आणि कळवळून म्हणाला, "चाचा, आमचं गाव बुडालं तवा बी आमी जितं ऱ्हायलो वो! आन तुमी कोरड्यात मारलं!" दुसऱ्यांदा दाणे पडले ते सगळे बर्फात.

वाळूचं कायम असंच व्हायचं. आधी थोडेफार दाणे, नंतर एकही नाही. कारण त्या मुलखातून जिवंत कुणी परत आलंच नव्हतं. वहीत वाळूच्या 'आल्यावर' ह्या रकान्यात सगळीकडं शून्य. चाचा ती शून्यं लिहायचे तीसुद्धा ड्रॉइंग ऑफिसातल्या हातानं, परकारनं काढल्यासारखी गोल.

येताना एस.टी.त मी त्यांना म्हणालो, "त्यांना जरा सोपं करायचं. एखादी विहीर द्यायची मधी."

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या नकाशावर चहा सांडला. "नकाशात न्हाय ती विहीर मी कुठनं देऊ?"

आता मी आमच्या तात्यांकडं येतो.

तात्या म्हणजे माझे वडील. आम्ही इंदापूर तालुक्यातले धनगर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाळ्याच्या तोंडाला परत. माझं अर्धं लहानपण घोड्यावरच्या बिऱ्हाडात गेलं. पुढं कालवा आला, ऊस आला, चरायची रानं बांधांनी बंद झाली. मी अकरावीला असताना तात्यांनी खांड मोडलं, सगळा कळप विकला. शेवटचं मेंढरू गाडीत चढवलं त्या दिवशी ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, "आता तूच शीक." त्यानंतर त्यांचं बोलणं फार कमी झालं. दोन एकर शेती करायचे, पण उसात उभे असले तरी नजर लांब माळावर असायची.

दुसऱ्या वर्षाला माझा गणिताचा एक पेपर राहिला. त्यातच आमच्या गावच्या कुणीतरी बारामतीत मला बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं, पोरगं घरमालकाकडं बसून फासे खेळतंय. फासे म्हटलं की आमच्याकडं एकच अर्थ. जुगार.

रविवारी दुपारी तात्या दारात उभे राहिले. डोक्याला पटका, हातात काठी, खांद्यावर घोंगडं. आत तीन वाट्या मांडलेल्या, आम्ही तिघं पोरं बसलेलो, मधोमध पितळेचा फासा. मला वाटलं जमीन फाटावी.

"वळकटी बांध," तात्या म्हणाले. "लई झालं शिक्षाण."

मी उठलो. तात्यांनी एकदा ठरवलं की ठरलं. त्या क्षणी माझं कॉलेज संपलं होतं. उद्यापासून उसाला पाणी धरायचं, एवढंच पुढं दिसत होतं.

चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "पाव्हणं, न्या. तुमचा लेक हाय, मी कोण अडवणार. पण जुगार म्हणून न्यायचं न्हाय. हितं आजवर पैशाचं नाव निघालेलं न्हाय. आधी बसून बघा, मग न्या."

"फासा दिसतोय की म्होरं."

"फासा हाय. पण लावायला काय न्हाय. हा एक दाणा हाय, घ्या."

तात्यांनी दाणा हातात घेतला आणि सवयीनं दाताखाली धरून बघितला. मग घोंगडं अंथरून बसले. चाचांनी घड्याळ समोर ठेवलं आणि वर्णन सुरू केलं. बर्फाची तीन मिनिटं झाली तसं तात्यांनी विचारलं, "चारा?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चाचांनी पुस्तक काढून बघितलं. "न्हाय. बर्फाखाली."

जंगलाची तीन मिनिटं झाली. "जनावर?"

"वाघ हाय, लांडगं हायती."

वाळूची झाली. "काटं-कुटं काय?"

"काटेरी झुडपं हायती. थोडी."

"मग बास," म्हणून तात्यांनी फडक्याखाली हात घातला. फडकं काढलं तर वाळूत एकच दाणा. चाचांचा नियम होता की नवा माणूस आला की त्या दिवशी त्याचाच मुलूख. फलटणवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. "गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो."

"तुमी कोण?" चाचांनी तात्यांना विचारलं. म्हणजे कसलं सोंग घेता.

"मी कोण म्हंजे? धनगर."

"संगं काय?"

"मेंढरं."

"किती?"

तात्यांनी काठी आडवी ठेवली. मग हळू म्हणाले, "दोन विसा नि एक."

एक्केचाळीस. मोडलं तेव्हा खांड एक्केचाळीसाचंच होतं. ते मला माहीत होतं, चाचांना नव्हतं. चाचांनी पुस्तकाची पानं उलटली. मेंढरांचा नियम कुठं नव्हता. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, आणि हे त्यांना करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "लिहिली," म्हणाले. "एक्केचाळीस. आता तुमी फुटक्या विहिरीपाशी हाय. दिवस उगवलाय. काय करता?"

"निघायचं!" फलटणवाला ओरडला. "मी मनोऱ्याच्या दिशेनं चालतो."

"कुठं चालतो?" तात्या म्हणाले. "दिस उगवल्यावर कोण चालतंय? खुळं हाय का हे? घोंगडं टाका, सावलीला बसा. मावळतीला उठायचं."

आमचे आजवरचे सगळे प्रवास दिवसा झाले होते. आजवरची सगळी मरणंही.

पुढचे दोन-अडीच तास मी जे बघितलं ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. न बोलणारे आमचे तात्या त्या खोलीत बोलत होते. पाणी कुठं शोधायचं, तर मावळताना होले कुठल्या अंगाला उडतात ते बघा. पाखरू पाण्याशिवाय निजत नाही. चाचांनी फासा टाकला, होले उडाले. पिशवीतलं पाणी संपलं, तर दुभत्या मेंढीचं दूध वाटून घ्या, पण कोकराचं आधी राखून. म्हाताऱ्या मेंढीला म्होरं घाला, ती पाय कुठं टाकते तिथंच टाका. मी तलवार उपसली की म्हणायचे, "ठेव ती खाली. कुणाला मारतोस, वाऱ्याला?"

चौथ्या दिवशी वाळूखालून राक्षस आला. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं, त्यामुळं तो राक्षस आम्हालाच नवीन होता. फलटणवाल्यानं मंत्र म्हणायला तोंड उघडलं.

"गप," तात्या म्हणाले. आणि चाचांना विचारलं, "मेंढरं काय करत्यात?"

चाचांनी फासा टाकला. तो वाजत वाजत थांबला. "उभी हायती. माना खाली. एक बी हलत न्हाय."

"मग आपण बी हलायचं न्हाय. जनावराला आपल्या आधी कळतंय."

आम्ही खरोखरच हललो नाही. त्या खोलीत बसलेल्या चौघांनी श्वास धरून ठेवला. चाचा म्हणाले, "राक्षस पायाखालनं गेला," आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

सातव्या दिवशी मनोऱ्याचं शहर आलं. वेशीवरच्या शिपायानं सांगितलं, माणसं आत या, जनावरं बाहेर. आत पाण्याचे हौद, फळं, आणि पुस्तकात लिहिलेलं बक्षीस, ज्या राजाला मूल नाही त्याची गादी. आम्ही पोरं नाचत आत गेलो.

"तुमी?" चाचांनी विचारलं.

"मी भाईरच. जनावरं टाकून मी आत न्हाय जायचो."

"आत गादी हाय, पाव्हणं."

"असंल. आन मेंढरं कुणी बघायची? शिपाई बघंल?" मग तात्या उठून उभे राहिले. "आता मोजणी. तू हितं उभा ऱ्हा. तू तितं."

मेंढरं मोजायची आमची एक रीत आहे. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. त्याच्या तोंडाशी दोन माणसं समोरासमोर उभी करायची आणि मधल्या फटीतून मेंढरं एकेक सोडायची. वीस झाली की एक खडा बाजूला. तात्यांनी मला आणि फलटणवाल्याला खोलीच्या मधोमध उभं केलं, आणि आमच्या मधून, मोकळ्या फरशीवरून, एक्केचाळीस मेंढरं मोजून काढली. बोट हलत होतं, ओठ हलत होते. मध्येच एकाला "हैक!" म्हणून मागं सारलं. मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर मला ती दिसली असती.

"दोन विसा नि एक," तात्या म्हणाले. "भरली."

चाचा उभे राहिले. दाण्यांच्या वाट्यांसमोर ते कधी कुणासाठी उभे राहिले नव्हते. त्यांनी नुसते हात जोडले. मग भानावर येऊन म्हणाले, "आल्यावरचा दाणा टाकायचा ऱ्हायला." तात्यांनी तो वाळूतच टाकला. त्या रकान्यातलं पहिलं शून्य त्या दिवशी मोडलं.

मी वळकटीकडं बघत होतो. तात्यांनी घोंगडं झटकलं. "ती तशीच ऱ्हाऊ दे," म्हणाले. आणि चाचांना म्हणाले, "उगं तलवार काढतंय, पण सांगितल्यालं ऐकतंय. शिकू द्या." दारापर्यंत गेले आणि थांबले. चपला घालता घालता, आमच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "माझी मेंढरं आता हितंच का?"

"हितंच," चाचा म्हणाले. "मी बघतो."

"बघतो म्हंजे? एक दिस बघून चालत न्हाय."

"दर रविवारी बघतो. तुमाला कळवतो."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं समाधान केलं. पण पुढच्या रविवारी आमचा खेळ झाल्यावर चाचांनी एक कोरं पान उघडलं, फासा घेतला आणि मेंढरांसाठी एकेक करून टाकायला लागले. पाणी, चारा, लांडगा, रोग, व्येत. मग पोस्टकार्ड काढून ड्रॉइंग ऑफिसातल्या अक्षरात लिहिलं: 'मेंढरे ४१. चारा बेताचा. लांडगा आला, कुत्र्याने हाकलला. दोन गाभण वाटतात. आपली आज्ञा कळवावी.'

तात्यांना वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. सुरुवातीला पारावरची माणसं हसली. महिन्या-दोन महिन्यांत पोस्टमन लांबूनच ओरडायला लागला, "तात्या, मेंढरं आली वो तुमची!" आणि हसणारेच पुढं सरकून विचारायचे, "व्याली का?" तात्या गुरुजींकडून उलट टपाली कळवायचे. उत्तरेला सरका. त्या काळ्या मेंढीला येगळं बांधा. कोकरांना पहाटंचं दव चाटू देऊ नका. चाचा ते सगळं जसंच्या तसं करायचे आणि मग फासा टाकायचे.

एका रविवारी फासा लई वाईट पडला. रोग. चाचांनी आणखी फासे टाकले आणि बारा मेंढरं गेली. म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. मी म्हणालो, "चाचा, कुणाला कळणार हाय? चार लिहा."

"पडला की पडला."

"तात्यांना लागंल ओ मनाला."

"म्हणून खोटं सांगू? मग ती मेंढरं खरी कशी ऱ्हातील?"

बारा लिहिलं. कार्ड पेटीत टाकायला ते स्वतः गेले, मला देईनात. आठ दिवस त्यांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. तात्यांचं उत्तर आलं: 'असं होतं. तुमचा दोष न्हाय. जागा बदला आणि जगलेल्यांकडं बघा.' ते कार्ड चाचांनी मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आलं की मी नापास झालो तेव्हा तात्यांना मला हेच म्हणायचं होतं, फक्त म्हणता आलं नव्हतं.

तात्यांच्या कार्डांमुळं एक भानगड झाली. आमच्या गावचे लोक बाजाराला बारामतीला आले की चाचांच्या दारात यायचे. "वाळूच्या मुलखात न्या. तात्या गेलंवतं तितं." वाळूची वाटी भरायला लागली. आम्हाला वाटलं चाचा खूश होतील. ते चिडले. "ह्यो दाणा चालणार न्हाय. तुमाला परचार झालाय." आणि वहीत त्यांनी नवा रकाना आखला, 'प्रचार झालेले'. त्यातले दाणे बेरजेत धरायचे नाहीत. आमच्या गावचा एक जण भांडायलाच उठला, "मी माझ्या मनानं टाकलाय वो!" चाचा म्हणाले, "मन कुणी भरलं ते सांग आधी."

कॉलेजात सरांनी फळ्यावर नमुना निवडीची व्याख्या लिहिली तेव्हा सगळा वर्ग उतरवून घेत होता. मी पेन खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर पांढरा सदरा उभा होता.

मी पास झालो. गणितासकट. नोकरी लागली. तरी सुट्टीच्या रविवारी मी बारामतीला जायचोच. पाच-सहा वर्षांत चाचांचा हात कापायला लागला, शून्यं वेडीवाकडी व्हायला लागली. सोलापूरहून मुलगी न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी ते एस.टी.नं आमच्या गावाला आले. सोबत ट्रंक नाही. हातात फक्त जोंधळ्याचा डबा आणि खिशात फासा.

तात्यांनी घोंगडं अंथरलं. आईनं चहा दिला. मी इतकी वर्षं मनात धरलेला प्रश्न विचारला, "चाचा, शेवटी कुठला मुलूख पहिला आला?"

"बर्फ," ते शांतपणे म्हणाले. "बारामतीत बी, इंदापुरात बी. पत्रक बरोबर हुतं."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वह्या, एवढे एस.टी.चे धक्के.

"पण त्यांनी विचारायला पायजे हुतं," चाचा म्हणाले.

मग त्यांनी डबा पुढं केला. "तात्या, माझ्यानं आता मेंढरं बघणं व्हायचं न्हाय. रोजच्या रोज बघणारा माणूस पायजे. ताब्यात घ्या. गेल्या रविवारी तीन विसा नि सात हुती, कार्ड आलंच असंल. तेवढं दाणं मोजून आणल्यात. एक दाणा, एक मेंढरू."

"मोजून घेणार," तात्या म्हणाले.

"मोजूनच द्यायला आलोय."

तात्यांनी घोंगड्याच्या टोकाची वळी करून गोल वाघूर केली, तोंड उघडं ठेवलं. एका बाजूला त्यांचं बोट, समोर चाचांचं कापणारं बोट. मधल्या फटीतून चाचा एकेक दाणा सोडायला लागले. तात्यांचे ओठ हलत होते. वीस झाले, एक खडा. चाळीस, दुसरा खडा. साठ, तिसरा. मग सावकाश, पाच, सहा, सात.

आणि आणखी एक दाणा फटीतून आत आला.

तात्यांनी मान वर केली. "एक जादा हाय."

"चुकला असाल," चाचा म्हणाले.

"मेंढरात मी चुकत न्हाय."

चाचा डब्याचं झाकण लावत होते. ते लागत नव्हतं. "पंच आज रिटायर झालाय," ते झाकणाकडं बघत म्हणाले. "त्याला आता दाणा टाकायला हरकत न्हाय."

तात्यांनी तो दाणा दोन बोटांत उचलला, बाकीच्या दाण्यांत हळूच जागा केली, आणि अगदी मधोमध ठेवला.

"मधी ऱ्हाऊ दे त्याला," म्हणाले. "कडंला लांडग्याचं भ्या असतंय."